येणाऱ्याच्या नावची मूठ

आधीच सांगून टाकते. हे वाचत गेलात आणि शेवटी आम्हाला मूल झालं, असं इथे काही होणार नाही. ज्यांना तसा शेवट हवा असेल त्यांनी इथेच पान उलटावं. आम्हाला मूल झालं नाही. मी आता रिटायर झाले, तेही झाले, आणि आमचं बरं चाललंय.

दुसरं, दोष कोणात होता ते मी लिहिणार नाही. जळगावच्या डॉक्टरांनी दोघांनाही तपासलं होतं. दवाखान्यातून निघालो ते समोरच्या रसवंतीत बसलो. उसाचा रस तसाच ग्लासात राहिला आणि तिथेच आमचं ठरलं, की हे कुणालाच सांगायचं नाही. त्यांच्या आईला नाही आणि माझ्या आईलाही नाही. सांगितलं की एक जण बिचारा होणार आणि दुसरा गुन्हेगार. ते म्हणाले, "संसार दोघांचा आहे ना? मग हेही दोघांचंच." तेव्हा सख्ख्या आईला सांगितलं नाही, तर आता तुम्हाला कशाला सांगू?

मी चोपड्याकडची. वडील दुसऱ्याच्या केळीला पाणी धरायचे. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. मी जळगावला वसतिगृहात राहिले, अर्थशास्त्र घेऊन बी.ए. केलं, आणि धुळ्याच्या टेलिफोन एक्सचेंजात ऑपरेटर म्हणून लागले. हे मी मिरवण्यासाठी लिहिते आहे. मिरवण्यासारखं आहे म्हणून मिरवते.

माझे यजमान धुळ्याच्याच एस.टी. डेपोत मेकॅनिक. त्यांचं गाव भडगावकडे, गिरणेच्या काठी. तिथे सासू, सासरे, मोठे दीर, जाऊ आणि त्यांची दोन मुलं. धुळ्यात आम्ही दोघंच, पांझरेपासून जवळ दोन खोल्यांत.

ऐंशीनंतरची ती वर्षं. ट्रंक कॉल लावून द्यायचा तो जमाना. लाइन इतकी खरखरायची, की इकडच्याचं तिकडच्याला कळायचं नाही, मग ऑपरेटरने मधे बोलायचं. बाप इकडून ओरडतोय, "मुलगा झाला! मुलगा!" आणि तिकडचा आजोबा नुसता "हॅलो, हॅलो" करतोय. मग मी सांगायची, "आजोबा, मुलगा झाला म्हणतायत." असे किती नातू मी किती आजोबांना दिले याचा हिशेब नाही. घरी आलं की चूल, चुलीवर भाजी, आणि आम्ही दोघं समोरासमोर गप्प. जळगावच्या फेऱ्यांनंतर आमच्यातलं बोलणंच आटलं होतं. भांडण असतं तर बरं झालं असतं. भांडणही नव्हतं. "मीठ?" "आहे." एवढंच. संध्याकाळी बाहेर पडायचंही आम्ही सोडून दिलं होतं, कारण रस्त्यात कोणीतरी भेटायचं आणि पहिला प्रश्न पोटाचाच असायचा.

अशात एक दिवस ते डेपोतून आले ते डब्याची पिशवी पोटाशी धरून. पिशवीतून चूं चूं आवाज.

"हे काय?"

"कुत्री."

"ते दिसतंय. कशाला आणली?"

"भंगारातल्या गाडीखाली व्याली होती हिची माय. दुसरी गाडी मागे घेताना पिल्लांसकट चाकाखाली आली. ही एकटीच राहिली." मग खाली बघून म्हणाले, "उद्या नेऊन सोडतो."

तो उद्या काही उजाडला नाही.

पिवळट रंग, एक कान पडलेला, अंगाला ऑइलचा वास. पहिल्याच रात्री तिने त्यांच्या खाकी शर्टाची बाही चावून भोकं पाडली. मी म्हटलं, "दूध पाजू नका एवढं, ढाळ लागेल." ते म्हणाले, "तू कुठे कुत्र्यांचं बी.ए. केलंस?" मी म्हटलं, "आणि तुम्ही कुठे केलंत?" एवढं लांब बोलणं आमच्यात कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. मग रोज होऊ लागलं. तिने पोत्यावर झोपायचं की गोधडीवर, भाकरी कुस्करून द्यायची की तुकडा, आंघोळ रविवारी की नको. घरात भांडणं परत आली आणि त्यांच्या मागोमाग हसणंही आलं.

संध्याकाळी तिला फिरवायला नेणं भाग होतं, म्हणून आम्हीही फिरायला लागलो. पांझरेच्या काठाने आम्ही दोघं आणि सुतळीला बांधलेली ती. बाया भेटल्या तरी आता त्यांची नजर आधी खाली जायची.

"चावती का हो?"

"नाही," हे म्हणायचे, "फक्त चौकशा करणाऱ्यांना चावते."

मी त्यांना कोपराने ढोसायची. पण आतून मला फार बरं वाटायचं. हा माणूस परत बोलायला लागला होता.

सासूबाई धुळ्याला आल्या तेव्हा त्यांनी दारातूनच तिला बघितलं. "पोरगं नही, मंग कुत्रं ल्या पदरम्हा!" असं म्हणून चपला काढल्या. येताना त्यांनी सातपुड्याच्या पायथ्याच्या कुठल्याशा भगताकडून मंतरलेला नारळ आणला होता. रोज सकाळी उपाशीपोटी, उगवतीकडे तोंड करून, मी त्यातला एक तुकडा खायचा. मी बी.ए. झालेली बाई, तरी खाल्ले मी ते तुकडे. एक दिवस तबकडी खाली राहिली, आणि मी पाणी तापवून येईपर्यंत उरलेला सगळा नारळ कुत्रीने फस्त केला होता. वर उगवतीकडे तोंड करून जिभल्या चाटत बसली होती.

आणि ऐका. त्यानंतर पुढच्याच थंडीत ती व्याली. चार पिल्लं, आमच्या कोळशाच्या पोत्यावर.

आम्ही दोघं हसलो. असे हसलो की खालून घरमालकीणबाई, आमच्या अक्का, विचारायला वर आल्या. हे म्हणाले, "अक्का, औषध जालीम होतं, फक्त चुकीच्या पोटात गेलं." अक्कांनी पदर तोंडाला लावला. गावी ही बातमी गेली तेव्हा माझ्या जावेने मात्र वेगळीच वाट काढली. "तुमना घरम्हा पाळना हालना व माय," ती सगळ्या बायांसमोर म्हणाली, "पन कोना!" बाया हसल्या. मी भाकरी थापत होते. थापत राहिले.

पिल्लं डोळे उघडून पळायला लागली तशी डेपोतल्या लोकांनी एकेक करून नेली. शेवटचं पिल्लू गेलं त्या दुपारी माझी सुट्टी होती. कुत्री घरभर हुंगत फिरली, मग कोळशाच्या पोत्याजवळ आली आणि जिथे पिल्लं निजायची ती जागा चाटायला लागली. नुसतं रिकामं पोतं. चाटतेय, थांबतेय, परत चाटतेय. मी तिच्याजवळ खाली बसले. तिच्या मानेवर हात ठेवला आणि मला रडू फुटलं.

मी तोवर रडले नव्हते असं नाही. पण तोवरचं सगळं रडणं चोरून, मोरीत नळ सोडून. त्या दिवशी मी मोकळं रडले, कारण मला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं असतं, की हिच्यासाठी रडतेय. हे ड्यूटीवरून आले आणि मला तशी बघून दारातच उभे राहिले. हातपाय न धुताच येऊन पोत्याच्या दुसऱ्या बाजूला बसले. तेही रडले. पुरुषाला रडायला तर आपल्याकडे मोरीसुद्धा नसते. ती कुत्री एकदा माझा हात चाटायची, एकदा त्यांचा. समजावत होती की खारट लागत होतं म्हणून चाटत होती, मला माहीत नाही. पण दोघांना एका जागी बसवून रडवायचं काम ना आमच्या आयांना जमलं, ना डॉक्टरांना. ते तिने केलं.

आता कानबाईचं सांगते, कारण जे काही झालं ते तिथेच झालं.

खान्देशात श्रावणात घरोघरी कानबाई बसते, नारळाच्या रूपातली देवी. तिच्या नैवेद्याला रोट लागतात, म्हणजे जाडसर पोळ्या. पण त्याचं पीठ साध्या मोजमापाचं नसतं. आमच्या सासरच्या रीतीने घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात घ्यायचे आणि ते घरच्या जात्यावर दळायचे. सासऱ्यांची मूठ, दिरांची, ह्यांची, जावेच्या दोन मुलांची. बायकांची मूठ नाही. देवी बाई, दळणाऱ्या बाया, रांधणाऱ्या बाया, आणि मुठी पुरुषांच्या. आणि या रोटाचा एक कडक नियम, की तो फक्त घरच्या माणसांनी खायचा. परक्याला त्यातला तुकडाही द्यायचा नाही. एका वर्षी माझा सख्खा भाऊ नेमका त्याच दिवशी भेटायला आला होता. त्याला सासूबाईंनी वेगळ्या पिठाची पोळी वाढली होती. भावाला! रीत ती रीत.

माझं लग्न झाल्यापासून सासूबाई एक मूठ जास्तीची घालायच्या. सगळी नावं घेऊन झाली की माझ्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "आनि हाई येनाराना नावनी." येणारा म्हणजे माझ्या पोटी येणारा. त्या मुठीचा एक वेगळा रोट व्हायचा. पुरुषांची पंगत बसली की तो रोट माझ्या पदरात घालायचे आणि जावेच्या धाकट्याला मांडीवर घेऊन मी तो भरवायचा, सगळ्यांदेखत. शकुन म्हणून. पहिल्या वर्षी मला लाज वाटली, छान वाटलं. पुढे पुढे ते पोर मांडीवर मावेना, पाय जमिनीला टेकायला लागले, तरी शकुन चालूच. बाया एकमेकींना डोळ्याने खुणवायच्या.

पिल्लं गेली त्यानंतरच्या श्रावणात आम्ही नेहमीसारखे गावी गेलो. कुत्रीला मागे कोणाकडे ठेवणार? एस.टी.च्या शेवटच्या सीटखाली ती आमच्याबरोबर आली. गावी तिला ओट्याशेजारच्या निंबाला बांधली.

सकाळी मुठी घेताना सासूबाईंनी सगळी नावं घेतली. जास्तीची मूठही घेतली. पण त्या वर्षी त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

दळण चालू होतं तोवरच साक्रीकडचे दोन पाहुणे आले. एक फेटेवाले म्हातारे आणि त्यांचा पुतण्या. आबांना, म्हणजे सासऱ्यांना, बैलजोडी विकायची होती, ती बघायला आलेत असं मला सांगितलं. बैल बघून झाले. पंगत बसली. आबा, दीर, हे, आणि पाहुणे. मी वाढत होते. पुरणपोळी, खीर, आमटी झाली, मग सासूबाई रोटांची परात घेऊन आल्या. घरच्यांच्या ताटात रोट घातले, आणि घालत घालत पाहुण्यांपर्यंत गेल्या.

मी हळूच म्हटलं, "माय, त्या परका शेतस ना?"

"आपलाच शेतस," त्या म्हणाल्या. "तू वाढ."

आणि दोघांच्या ताटात कानबाईचा रोट पडला.

मी जावेकडे बघितलं. ती आमटीच्या पातेल्यात बघत होती. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माझ्या सख्ख्या भावाला जो रोट मिळाला नाही, तो बैल बघायला आलेल्या माणसाला कसा मिळतो? फेटेवाल्यांच्या घरी उपवर मुलगी असणार. यांच्याशी तिची सोयरीक ठरली, म्हणून ते आपले झाले. येणाऱ्याची मूठ आता दुसरीच्या पोटाला होती. मला सांगायचंही कोणाला सुचलं नव्हतं. त्यांना वाटलं असेल, मुकाट्याने तुकडे खाणारी ही, हेही मुकाट्याने गिळेल.

यांच्याकडे बघितलं. त्यांचा घास हातातच थांबला होता. पाहुण्यांच्या ताटाकडे, मग आईकडे, मग माझ्याकडे. त्यांनाही तेव्हाच कळत होतं, हे मला दिसलं. माझ्या छातीवरचा अर्धा दगड तिथेच उतरला.

सासूबाईंनी तो शेवटचा रोट उचलला. सवयीने असेल, नाहीतर पाहुण्यांना शकुन दाखवायचा असेल. "ले पदरम्हा," म्हणाल्या आणि धाकट्याला हाक मारली.

मी पदर पसरला. रोट घेतला. आणि ओट्यावर आले, दोन पायऱ्या उतरले, निंबाखाली बसले आणि कुत्रीला मांडीवर घेतलं. रोट मोडला आणि एकेक तुकडा तिला भरवला. जावेच्या धाकट्याला भरवायचे तसाच, फुंकर घालून. दार सताड उघडं होतं. पंगतीतून सगळं दिसत होतं.

पहिला आवाज सासूबाईंचा. "रोट दिना! कुत्रीले कानबाईना रोट दिना!"

मी शहरात राहणारी, ऑफिसात शुद्ध बोलणारी. पण तेव्हा गावच्याच भाषेत बोलले, म्हणजे कोणाला कळलं नाही असं नको व्हायला. म्हटलं, "पाव्हनासले रोट चालस, मंग इले काब्र नही? त्या सकाय उना, हाई मना घरम्हा ऱ्हास."

सकाळी आलेल्यांना चालतो, आणि ही तर माझ्या घरात राहते. यात न समजण्यासारखं काय होतं?

आबा ताटावरून ओरडले, "आते काय ऱ्हायनं!" दीर उठायला लागले. जाऊ कपाळाला हात लावून उभी. सासूबाई यांना म्हणाल्या, "सांग तिले! सांग काही!"

हे उठले. मला वाटलं, आता कोणाच्या बाजूने? त्यांनी आपलं ताट उचललं, तसंच वाढलेलं, आमटी हिंदकळत. बाहेर आले. ओट्याच्या पायरीवर बसले, मांडीवर ताट घेतलं, आणि आईकडे न बघता म्हणाले,

"माय, मनं लगन व्हयेल शे."

एवढंच. आणि जेवायला लागले. आपल्या रोटाचा एक तुकडा त्यांनी मला दिला आणि एक कुत्रीला.

फेटेवाल्या म्हाताऱ्यांनी तेवढ्यात हात धुतला होता. ते आबांना म्हणाले, "पोऱ्याले इचारेल नही का तुम्ही?" म्हातारे उठले, जोडे घातले. पायऱ्या उतरताना माझ्यासमोर थांबले. मला वाटलं, शिव्या देतील. ते म्हणाले, "बाई, मनी पोर वाचनी." आणि गेले. टोमणा होता की आभार, ते मी अजून ठरवलेलं नाही. मी आभार म्हणून घेतले. ती पोर कोण होती मला माहीत नाही. ती खरंच वाचली, आणि तिच्याशी माझं काही वैर नव्हतं.

कानबाईच्या जागरणाला आम्ही थांबलो नाही. दुपारच्याच गाडीने निघालो. कंडक्टर यांच्या ओळखीचा. म्हणाला, "काय भाऊ, सणाच्या दिवशी परत?" हे म्हणाले, "सण झाला आमचा." पारोळ्याला गाडी बदलेपर्यंत कुत्री माझ्या पायांवर डोकं ठेवून झोपली होती. तिला वाटलं असेल, कसली छान पोळी मिळाली आज.

गावाकडून मग बरीच वर्षं बोलावणं आलं नाही. सासूबाई पुढे डोळ्याच्या ऑपरेशनला धुळ्याला आल्या आणि आमच्याकडेच राहिल्या. कुत्री त्यांच्या खाटेखाली बसायची. त्या दिवसभर तिला "हाड, हाड" करायच्या, आणि भाकरीचा पापुद्रा खाली टाकायच्या. झालेल्या गोष्टीवर त्या कधी बोलल्या नाहीत, मीही बोलले नाही. माफी मागायला मी काही चोरी केली नव्हती.

पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं, त्या प्रकारानंतरच्या पहिल्याच श्रावणातलं. गावाहून निरोप आला होता, की कुळाशिवाय कानबाई बसत नाही, तुम्ही तिकडे काही करू नका. मी त्याच दिवशी बाजारातून नारळ आणला. घरमालकीण अक्कांनी त्यांचं जातं दिलं. म्हणाल्या, "माझ्या जात्याला कोणाचं कूळ कळत नाही. दळ तू."

सूप पुढे घेतलं. हे समोर बसले, आणि कुत्री मधे, नाक सुपात. सगळ्यात पहिली सव्वा मूठ मी माझ्या नावाने घातली. बायकांची मूठ नसते, हे मला पाठ होतं. दुसरी यांच्या नावाने. तिसरी घ्यायला हात घातला तर हे म्हणाले, "नीट घे. सव्वा म्हणजे सव्वा. तिची कमी धरू नको."

"तुमच्यापेक्षा जास्तच घेते," मी म्हटलं. "कामाला तीच जास्त येते."

तीन मुठी झाल्या. सवयीने माझा हात चौथ्यांदा गव्हात गेला आणि मूठ भरली. मी तशीच थांबले. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. त्या मुठीत इतकी वर्षं मी काय काय धरून ठेवलं होतं, ते त्यांना माहीत होतं आणि मला माहीत होतं.

"घालायची?" त्यांनी विचारलं.

मी बोटं सैल केली. गहू परत डब्यात पडले.

"नको," मी म्हटलं. "घरात आहेत तेवढ्यांचंच दळू. या, खुंटा धरा."

त्यांनी आयुष्यात कधी जात्याला हात लावला नव्हता. ते समोर येऊन बसले आणि उलटीकडे फिरवायला लागले. पहिलं पीठ उडालं ते थेट कुत्रीच्या नाकात, आणि ती शिंकली.